समलिंगी आणि पारलिंगी जीवनाचे मराठी साहित्य

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या जगण्यावरचे मराठी लेखन थोडे आहे, पण या विषयाची मराठीतली वाट वाटते त्याहून जुनी आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात, म्हणजे १९२७ नंतरच्या काळात, वाचक लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्यात समलिंगी संबंधांचाही विषय येई. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले, दंड भरावा लागला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिले. वैचारिक लेखनाने इतक्या लवकर दार उघडूनही कथा-कादंबरीला त्यातून आत यायला पुढे कित्येक दशके लागली.

ललित साहित्यात हा विषय ठामपणे आणला तो रंगभूमीने. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्वातंत्र्यापूर्वीचे कॉलेज, नाटकाच्या निमित्ताने जवळ आलेल्या मित्रा आणि नमा, आणि मित्रावर जीव जडलेला बुजरा बापू, एवढ्या ऐवजावर हे नाटक उभे आहे. तेंडुलकरांनी मित्राला केविलवाणी केलेले नाही. ती हट्टी आहे, तापट आहे, प्रसंगी बापूला वापरूनही घेते; आपले प्रेम बाईवर आहे हे मात्र ती स्वतःपासून लपवत नाही. नाटकाचे मोठेपण या रोखठोक व्यक्तिचित्रणात आहे. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. गोष्ट सांगणारा बापू आहे, आणि ती मित्राच्या आत्महत्येपाशी संपते. समलिंगी माणसाची हकिगत दुसऱ्याने सांगायची आणि तिचा शेवट मरणात करायचा, हा साचा जगभरच्या साहित्याने बराच काळ वापरला. मराठीही त्यातून सुटली नाही. पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’मध्ये आईला एकटीला मंचावर आणले. मुलगा समलिंगी असल्याचे कळल्यावर तिच्या मनात काय काय उलथापालथ होते, ते ती बोलत राहते. तिथेही मुलगा आपल्याला आईकडूनच कळतो. पण या नाटकात कोणी मरत नाही, आणि आई शिकते.

ग्रामीण साहित्यात बायकी समजले जाणारे पुरुष पुष्कळ आधीपासून आहेत. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला (१९७८) गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि त्यापायी घर, मान, शरीर सगळे गमावून बसतो. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी आणि जोगते यांचे सीमाभागातले जग उभे केले. या दोन्ही कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा मिळून २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट झाला. गरिबी, जात आणि देवाच्या नावाने होणारी पिळवणूक यांचे इतके धारदार चित्रण मराठीत क्वचित आढळते. तरीही एक गोष्ट खटकते. ‘नटरंग’मधला गुणा मुळात बायको-पोरांचा संसारी गडी आहे आणि ‘जोगवा’तला तायाप्पा सुलीवर प्रेम करतो. दोन्हीकडे शोकांतिका उभी राहते ती मर्दाला बायकी ठरवले गेल्याची. ज्याला साडी मनापासून आवडते, ज्याचा जीव पुरुषावर जडतो, तो या कथांच्या कडेलाच उभा राहतो. त्याला काय हवे होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

तो प्रश्न आत्मकथनाने विचारला, आणि आज या साहित्यातला सर्वांत भक्कम भाग तोच आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे पुस्तक मनोविकास प्रकाशनाने २०१२ मध्ये काढले. शब्दांकन पत्रकार वैशाली रोडे यांचे आहे. मराठीत आधी आलेले हे पुस्तक २०१५ मध्ये इंग्रजीत गेले, अनुवाद आर. राज राव आणि पी. जी. जोशी यांनी केला. ठाण्यातल्या उत्तर भारतीय ब्राह्मण घरातला आजारी, नाचाची ओढ असलेला मुलगा, नात्यातल्या माणसांनी केलेला लैंगिक अत्याचार, शाळेतली टवाळी, नाचाचे वर्ग, डान्सबार, मग गुरू करून हिजडा समाजात प्रवेश आणि पुढे परदेशातल्या परिषदा, असा हा प्रवास आहे. अत्याचाराचे प्रसंग पुस्तक सांगते, पण लक्ष्मीच्या ओळखीचे कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. वाईट घडले म्हणून मूल असे झाले, हा घरोघरी ऐकू येणारा तर्क पुस्तक शांतपणे बाजूला ठेवते.

या पुस्तकातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. शाळकरी वयातली लक्ष्मी मुंबईच्या माहेश्वरी उद्यानात अशोक राव कवींना गाठते आणि आपण असे वेगळे का, असे विचारते. कवी सांगतात, की तुझ्यात काही वावगे नाही, वावगे या जगात आहे. तू अभ्यासाकडे लक्ष दे. दोन-चार वाक्यांच्या या भेटीने पोराच्या डोक्यावरचे ओझे उतरते. अशोक राव कवींनी पुढे १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक सुरू केले. बागेतल्या त्या एका बोलण्याने जे केले, ते चांगले पुस्तक हजारो मुलांसाठी करू शकते. घराचे चित्रणही तितकेच मोलाचे आहे. हिजडा झाल्यावर घर सुटते, हा समज इथे मोडतो. आई-वडील लक्ष्मीला टाकत नाहीत. शब्दांकनामुळे भाषा प्रवाही झाली आहे, मात्र सभा-परिषदांचे वर्णन सुरू होते तिथे पुस्तकाचा जोर ओसरतो, आणि हिजडा समाजातल्या गुरू-चेल्यांच्या नात्यातला जाच जेवढा यायला हवा होता तेवढा येत नाही. पुस्तकाची वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. समलिंगी संबंध गुन्हा न मानणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवायचा होता, आणि तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणारा २०१४ चा निकाल, ज्याच्या सुनावणीत लक्ष्मी स्वतः हस्तक्षेपक होती, अजून दूर होता.

समलिंगी पुरुषांच्या बाजूने अनुभव मांडण्याचे हे काम पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी चिकाटीने केले. २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केल्यानंतर त्यांनी ‘इंद्रधनू’सारखी माहितीपर पुस्तके लिहिली आणि ‘मनाचिये गुंती’मध्ये समलिंगी मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या कहाण्या एकत्र आणल्या. शैलीचा डौल या लेखनात नाही आणि लेखकाला तो नकोही असावा. ज्या घरात मुलगा लग्नाला नाही म्हणतो आणि कोणी कारण विचारत नाही, त्या घरातल्या माणसांशी हे लेखन साध्या मराठीत बोलते. समलिंगी स्त्रीने स्वतःच्या नावाने लिहिलेले, मोठ्या वाचकवर्गापर्यंत गेलेले मराठी आत्मकथन मात्र अजून उभे राहायचे आहे. तमिळमध्ये ए. रेवती यांनी हिजडा म्हणून जगलेले आयुष्य स्वतःच्या हाताने लिहिले, तेही खेड्यातून सुरू होणारे. २०१० मध्ये ते इंग्रजीत आले आणि देशभर वाचले गेले. अशा लेखनाची मराठीला नितांत गरज आहे.

कादंबरीत सचिन कुंडलकर यांचे ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (मौज, २००६) आजही एकटे पुढे उभे आहे. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात वरच्या खोलीत एक तरुण भाड्याने राहायला येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि तनयची बहीण अनुजाही. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. काही काळाने तो तिलाही सोडून नाहीसा होतो. पहिला भाग तनयचा आहे, निघून गेलेल्या माणसाला उद्देशून ‘तू’ म्हणत बोललेला. दुसरा भाग अनुजाची डायरी आहे. कादंबरीची सगळी ताकद या रचनेत आहे. अनुजाचे दुःख घरात सर्वांना दिसते, तिला डॉक्टरकडे नेले जाते, तिच्यावर ओरडले जाते, तिची काळजी केली जाते. तनयचे दुःख तेवढेच खोल आहे, पण ते घरात कोणालाच माहीत नाही. त्याला रडायलाही जागा नाही. दोघे एकाच माणसाला हरवून एका छपराखाली राहतात आणि त्यांच्या कहाण्या एकमेकींना शिवत नाहीत. कुठेही भाषण नाही, कायद्याचा उल्लेख नाही, आणि शेवटी तनयला मारून टाकलेले नाही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. २०२२ मध्ये कुंडलकरांनीच केलेला हिंदी चित्रपट कथा केरळात घेऊन गेला, आणि पुण्यातल्या त्या घराची घुसमट तिथे बरीच विरून गेली. हा विषय हाताळणारी मराठी कादंबरी कोणती वाचावी, असे कोणी विचारले तर निःसंकोच हीच सांगावी.

किशोरांसाठीच्या लेखनाकडे वळले की चित्र विरळ होते. नववीतल्या मुलांचे पहिले प्रेम मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने २००४ मध्ये इतक्या हळुवारपणे सांगितले, की ते पुस्तक पिढीचे झाले. वर्गातल्याच एखाद्या मुलाकडे पाहून ज्याच्या छातीत धडधडते, त्या मुलाची ‘शाळा’ अजून कोणी लिहिलेली नाही. त्या वयाच्या सर्वांत जवळ जाते ती खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी. गोंधळ, भीती, देवाला घातलेले साकडे, लग्नाचा दबाव, हे सारे तिच्यात अगदी ओळखीचे आहे. समुपदेशनाचा सूर अधूनमधून कथेच्या वर चढतो, आणि तो दोष मानायला हवा. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकांनी इथे आघाडी घेतली. हिमांजली शंकर यांचे ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ आणि पायल धर यांचे ‘स्लाइटली बर्न्ट’ ही दोन्ही पुस्तके २०१४ मध्ये आली. परदेशी पुस्तकांपैकी बेंजामिन अलिरे साएन्झ यांचे ‘अ‍ॅरिस्टॉटल अँड डांटे’ (२०१२) मराठीत आणण्याजोगे आहे. टेक्सासच्या सीमेवरची मेक्सिकन वंशाची दोन मुले, त्यांतल्या एकाचे कमी बोलणारे वडील, तुरुंगात गेलेल्या मोठ्या भावाविषयी घरात पाळलेले मौन, हे वातावरण मराठी वाचकाला परके वाटणार नाही. मुलांची मैत्री प्रेमात बदलते तेव्हा ते आधी ओळखतात आई-वडीलच.

किशोरांसाठीच्या पुस्तकांची ही उणीव शहरापेक्षा गावात जास्त टोचते. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावात सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती जे काही लागते, त्यात पुणे आहे, ठाणे आहे, मुंबईची बाग आहे. सोयाबीनच्या काढणीला घरच्यांबरोबर राबणारा, एसटीने कॉलेजला जाणारा, ज्याच्या मनातले ओळखू शकेल असे गावात कोणी नाही, असा मुलगा किंवा मुलगी नायक असलेले पुस्तक मराठवाड्याच्या बोलीत अजून मिळत नाही.

अद्भुतकथेत तर जवळजवळ रिकामे मैदान आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून नारायण धारपांपर्यंत मराठीला अद्भुताची मोठी परंपरा लाभली, पण त्यात प्रेम आणि देह यांची चौकट सहसा बदललेली नाही. उर्सुला ले ग्विन यांनी १९६९ मध्ये ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये कायमचे स्त्री किंवा पुरुष नसलेल्या माणसांचा हिमग्रह उभा केला. देवदत्त पटनायक यांची इंग्रजी कादंबरी ‘द प्रेग्नंट किंग’ (२००८) महाभारतातल्या युवनाश्वाची, स्वतः गरोदर राहिलेल्या राजाची कथा घेते. कच्चा माल मराठी लेखकाच्या घरातच पडला आहे. शिखंडी, बृहन्नडा, इला या कथा कीर्तनात ऐकलेल्या असतात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यातच आहे, आणि वारकरी कवितेत पुरुष संत विरहिणी होऊन, गौळण होऊन बोलतात, विठ्ठलाला आई म्हणतात. ती भक्तीची भाषा आहे आणि तिला आजची लेबले लावणे चुकीचे ठरेल. तरी बाईचा आवाज घेणाऱ्या पुरुषाकडे आदराने ऐकण्याची सवय या मातीला आहे, आणि अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्याला याहून चांगली पायवाट मिळणार नाही.

नवा जोर सध्या कवितेत दिसतो. भटक्या समाजातून आलेल्या पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा संग्रह या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांच्या लेखनात लिंगभावाइतकीच जात आणि भूक बोलते, आणि शहरी पुस्तकांत जे सुटते ते इथे पकडले जाते. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. मंचावरून बोलण्याची सवय त्यांच्या कवितेलाही आहे. ती मोठ्याने वाचली की अधिक भिडते.

पुस्तके गावापर्यंत पोचायची वाट मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांतून जाते. १९६७ च्या कायद्याने चालणाऱ्या या शासनमान्य वाचनालयांत काय घ्यायचे, ते बहुधा कार्यकारिणी आणि ग्रंथपाल ठरवतात, आणि सभासदाने मागणी नोंदवली तर तिचा विचार होतो. मागणीच्या वहीत लेखकाचे नाव लिहायला हवे. नुसते ‘पार्टनर’ लिहिले तर व. पु. काळे यांची त्याच नावाची, कितीतरी जास्त प्रसिद्ध कादंबरी येते. पहिल्या खरेदीत लक्ष्मीचे आत्मकथन, ‘कोबाल्ट ब्ल्यू’, खिरे यांची ‘पार्टनर’ आणि ‘मनाचिये गुंती’, ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कुरूप’ एवढी सहा पुस्तके घेतली, तर गावातल्या वाचकाला या विषयाचे मराठीतले बहुतेक महत्त्वाचे आवाज एका फळीवर मिळतात. त्यांतले ‘मनाचिये गुंती’ मुलांनी नाही, तर आधी पालकांनी आणि शिक्षकांनी न्यावे.