उपजत कीं उपार्जित?

भाषा मनुष्य जन्मतःच बरोबर आणतो कीं ती त्यास समाजाकडून मिळते, हा वाद फार जुना आहे. इजिप्तचा राजा सामेटिकस यानें दोन अर्भकें एका मेंढपाळाच्या स्वाधीन केलीं आणि त्यांच्यापुढें कोणीं एक शब्दहि उच्चारूं नये अशी आज्ञा दिली, अशी कथा हिरोडोटसनें लिहून ठेविली आहे. मुलांच्या तोंडून प्रथम 'बेकोस' असा ध्वनि निघाला. फ्रिजियन भाषेंत त्याचा अर्थ भाकरी. सबब फ्रिजियन लोक इजिप्तच्या लोकांहून प्राचीन, असा निकाल राजानें दिला. मुलें शेळ्यांच्या दुधावर वाढत होतीं, तेव्हां तो ध्वनि शेळ्यांपासूनच उचललेला असावा, अशी शंका घेणारेहि पुढें निघाले. अकबर बादशहानेंहि असाच प्रयोग केला. तान्हीं मुलें एका एकांत वाड्यांत ठेवून दायांस बोलण्याची बंदी केली. कांहीं वर्षांनीं, १५८२ मध्यें, बादशहा तेथें गेला तेव्हां त्या मुलांस बोलतां येत नव्हतें. बोलणें कोठून येतें हें पाहण्यासाठीं दोघांनींहि मुलांस माणसांतूनच उठविलें.

स्टीव्हन पिंकर यांचें १९९४ सालचें 'दि लँग्वेज इन्स्टिंक्ट' हें पुस्तक या वादांत उपजतपक्षाची बाजू मांडतें, आणि तें अत्यंत वाचनीय आहे. प्रसिद्धीस तीस वर्षें उलटून गेलीं तरी सामान्य वाचकाचें या विषयावरील मत बहुधा अशाच पुस्तकावरून बनतें, म्हणून त्याचा पुनर्विचार आम्हांस अवश्य वाटतो. पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतां येईल. स्किनर यांनीं १९५७ मध्यें भाषा ही संवयीनें व बक्षिसानें अंगीं बाणते असें प्रतिपादिलें. चॉम्स्की यांनीं १९५९ च्या परीक्षणांत त्या मताचे वाभाडे काढले. पिंकर हे चॉम्स्कींच्या परंपरेंतले. मात्र गुरूंची दुर्बोधता त्यांनीं घेतली नाहीं, हे उपकारच म्हणावयाचे.

मूल भाषेची नक्कल करीत नाहीं, तिचे नियम बांधतें, हा त्यांचा मुख्य मुद्दा आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्याला इंग्रजी उदाहरणांचीहि गरज नाहीं. मराठी घरांतील अडीच-तीन वर्षांचें मूल 'केलं' याऐवजीं 'करलं' म्हणतें. हें रूप त्यास कोणीं शिकविलें? मोठीं माणसें तर तें ऐकून हंसतात. परंतु भर-भरलं, धर-धरलं हें ज्यानें ऐकलें, त्यानें कर-करलं म्हणावें हें व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे; चुकली असेल तर भाषाच. मात्र येथेंच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नियम बांधण्याची बुद्धि त्या मुलाची स्वतःची खरी, पण 'भरलं' आणि 'धरलं' त्याच्या कानांवर घरांतूनच आलेलीं असतात.

ही दुसरी बाजू पिंकर नाकारीत नाहींत. पण तिला ते गौण लेखतात, आणि ग्रंथाच्या नांवानें ती जवळजवळ झांकून टाकतात. कोळी जाळें विणतो त्याच अर्थानें मनुष्य बोलतो, असें त्यांचें म्हणणें. पण एकटा वाढलेला कोळीहि जाळें विणतो; अकबराच्या वाड्यांतील मुलें बोललीं नाहींत. ज्या डार्विनचा आधार पिंकर घेतात, त्यानेंच १८७१ मध्यें स्पष्ट लिहिलें कीं, प्रत्येक भाषा शिकावी लागत असल्यामुळें ती खरी उपजतप्रवृत्ति नव्हे. उपजत आहे ती बोलण्याची ओढ. डार्विनचें हें दुहेरी विधान आम्हांस पिंकर यांच्या एकेरी शब्दापेक्षां अधिक खरें वाटतें.

याची परीक्षा ग्रंथांतीलच सर्वोत्तम उदाहरणानें करूं. निकाराग्वा देशांत पूर्वीं कर्णबधिर मुलें बहुतेक आपापल्या घरीं एकाकी वाढत. प्रत्येकाच्या घरच्या कांहीं खुणा असत, त्यांपलीकडे कांहीं नाहीं. १९७७ मध्यें मानाग्वा शहरांत त्यांच्यासाठीं शाळा निघाली, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर विद्यार्थ्यांची संख्या वाढली. शिक्षकांचा भर स्पॅनिश शब्द व ओठ वाचणें यांवर होता, आणि त्यांत फारसें यश आलें नाहीं. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्यें मुलें आपापल्या खुणा एकमेकांस दाखवूं लागलीं. त्यांतून एक समाईक पद्धति झाली, आणि पुढें आलेल्या लहान मुलांच्या हातीं तिची पुरी भाषा झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत हा फरक सुरेख दिसतो. एखादी वस्तु उतारावरून गडगडत खालीं गेली, हें सांगतांना पहिल्या पिढीचीं मुलें बहुधा एकाच हालचालींत गडगडणें आणि उतरणें दोन्ही दाखवीत. पुढच्या पिढ्या 'गडगडणें' ही एक खूण आणि 'खालीं जाणें' ही दुसरी, अशा एकामागून एक करूं लागल्या. दृश्याचे तुकडे पडले कीं ते हवे तसे पुन्हां जोडतां येतात. नकलेची जागा येथें व्याकरणानें घेतली.

पिंकर यांस यांत उपजतवृत्तीचा विजय दिसतो. आम्हांस तितकीच दुसरी गोष्ट दिसते. तींच मुलें, तोच मेंदू; पण घरीं एकटीं असेतों पुरी भाषा झाली नाहीं. ती झाली सोबती मिळाल्यावर. शिवाय जीं मुलें मोठ्या वयांत शाळेत आलीं त्यांना ती लहानांइतकी कधींच साधली नाहीं. म्हणजे निसर्गाची देणगीहि मुदतीची आहे.

व्याकरणाच्या जनुकांवरील प्रकरण आतां जुनें झालें आहे. ज्या इंग्रज कुटुंबाचा तेथें उल्लेख आहे त्याचें सदोष जनुक २००१ मध्यें सांपडलें. पण त्या दोषानें तोंडाच्या हालचालीहि बिघडतात, आणि तें जनुक उंदरांत व पक्ष्यांतहि आहे.

हा शब्दांचा कीस नव्हे. कर्णबधिर मुलांपैकीं बहुसंख्य मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मतात. भाषा उपजत आहे असें ऐकणारा बाप सहज म्हणेल, 'येईल वेळेवर.' उलट, तोंडी बोलणें खुणांहून श्रेष्ठ असें मानणाऱ्यांनीं १८८० च्या मिलान परिषदेंत मुलांच्या खुणा बंद करून त्यांस ओठ वाचावयास बसविण्याचा ठराव केला. आपल्याकडे दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचें केंद्र २०१५ मध्यें स्थापन झालें आणि त्याच्या कोशांत २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तीन वर्षांच्या मुलास कोश वाचतां येत नाहीं. त्याला त्या खुणा करणारें माणूस घरांत आणि सोबती अंगणांत हवेत. पिंकर यांच्या ग्रंथाचें मराठी रूपांतर कोणीं हातीं घेतल्यास, मानाग्वाच्या शाळेबरोबर त्या शाळेआधींचीं घरेंहि टिपेंत यावींत, एवढी सूचना आम्ही करून ठेवतों.