आकड्यांत लपलेलं हसू

सुट्टीत हिंगोलीला आलो की एक प्रश्न ठरलेला असतो: "पीएच.डी. नेमकी कशावर?" मी म्हणतो, कॉम्प्युटरच्या मेमरीच्या सुरक्षेवर. समोरचा मान हलवतो आणि चहा सांगतो. म्हणून या वेळी एका जुन्या विनोदावरून सांगून बघतो.

मुद्दाम न समजेल असा सी कोड लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या श्योर्ड मुलेंडर आणि रॉबर्ट फान रेनेसे यांनी एक प्रोग्राम पाठवला आणि बक्षीस मिळवलं. सी प्रोग्राम 'मेन' नावाच्या फंक्शनपासून चालू होतो. यांच्याकडे फंक्शनच नाही! 'मेन' म्हणजे नुसती आकड्यांची यादी. तरी तो चालतो, आणि पडद्यावर :-) असा आडवा हसरा चेहरा उजवीकडे सरकत जातो.

हे कसं? आपल्या मोंढ्यात हळदीच्या कट्ट्यावर ५० लिहिलंय समजा. ते वजन की नंबर, हे आकडा सांगत नाही, वाचणारा ठरवतो. मेमरीचंही तेच. कम्पायलरने यादी म्हणून ठेवलेले आकडे प्रोसेसरने हुकूम म्हणून पाळले.

पण खरी करामत पहिल्याच आकड्यात आहे, २७७ मध्ये. प्रोग्राम पीडीपी-११ आणि व्हॅक्स या दोन वेगळ्या मशीनवर चालतो, आणि दोघांची हुकमांची भाषा वेगळी. पीडीपीला २७७ म्हणजे 'पुढे उडी मार'. ते थेट आपल्या भागावर जातं. व्हॅक्स मात्र फंक्शनचा पहिला शब्द हुकूम मानतच नाही, कोणते रजिस्टर जपून ठेवायचे याची ती खूण समजतं, आणि लगेच पुढचं वाचू लागतं. एकच आकडा, दोन अर्थ, दोन्ही बरोबर. श्लेष म्हणतात तो हाच की!

एक गोष्ट मात्र खटकते. आकडे कुठे दशमान, कुठे अष्टमान, कुठे सोळाच्या पायात, मधेच अक्षरं. हा नुसता मेकअप आहे. सगळे दशमानात लिहिले असते तरी कोडं तेवढंच अवघड राहिलं असतं, आणि विनोद जास्त निर्विकार चेहऱ्याने सांगितला गेला असता.

पुढे स्पर्धेने एका मशीनपुरता चालणारा कोड टाळायला सांगितलं. हल्लेखोरांनी मात्र तीच युक्ती वापरली: माहिती म्हणून हुकूम आत पाठवायचे. म्हणून आजची सिस्टिम माहितीच्या जागेतले आकडे हुकूम म्हणून चालवूच देत नाही. ही बंदी कुठे गळते, ते शोधणं हे माझं काम.

परवा तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर टाकला. कम्पायलर कुरकुरला, पण तयार झाला. चालवल्यावर उत्तर आलं: सेगमेंटेशन फॉल्ट. चेहरा बघायचा तर जुन्या व्हॅक्सचा एम्युलेटर लावावा लागेल.