माळवदाचा सेट कोण लावणार?

‘पॅरासाइट’ मी पहिल्यांदा पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, मोबाईलवर पाहिला. पार्क कुटुंबाचं घर बघून वाटलं, सोलमधल्या कुणा श्रीमंताचा बंगला शूटिंगला घेतला असणार. नंतर कळलं की तसं घर कुठेच नाही. तळमजला आणि बाग जॉन्जू शहरात मोकळ्या जागेवर उभारली, वरचा मजला कम्प्युटरवर चढवला. गरिबांची अख्खी गल्ली तर पाण्याच्या टाकीत बांधली, म्हणजे पुराच्या वेळी बुडवता येईल.

कलादिग्दर्शक ली हा-जून यांनी घराची ढोबळ रचना एका आर्किटेक्टपुढे ठेवली तेव्हा असं घर कुणी शहाणा बांधणार नाही, असं त्यानं ऐकवलं. बरोबरच आहे त्याचं. कोण कुठून चोरून बघणार, जिन्यावरचा माणूस कुणाला दिसणार नाही, हे बाँग जून-हो यांनी लिहितानाच ठरवलं होतं. भिंती त्यानंतर आल्या. जागा घेताना ऊन कुठून येतं तेही पाहिलं. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, रिक्वायरमेंट आधी, कोड नंतर. इथे युजर एकच, कॅमेरा.

हे कोरियन लोकांनाच परवडतं, असं कुणी म्हणालं की मी ‘कुंकू’ची आठवण करून देतो. प्रभातचा सिनेमा, १९३७ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, सेटची बाजू फत्तेलाल यांची. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, आणि ही लढाई बहुतांश एका घरातच चालते. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरच बोलत राहतं. भिंतीवरचं जुनं घड्याळ, काकासाहेब ज्याच्यापुढे मिशांना कलप लावतात तो आरसा. ते घड्याळ नुसती सजावट नाही, काकासाहेबांच्या वयाचा तो दुसरा नट आहे. आज बघताना काही ठिकाणी अभिनय नाटकी वाटतो, घर मात्र खोटं वाटत नाही. आणि ते सगळं आजची एफटीआयआय आहे त्या आवारात उभं केलेलं!

आता काय होतं? वाडा भाड्यानं मिळतो. वाई, भोर, सासवड. बरेच चांगले सिनेमे तिथे झाले, तक्रार वाड्यांबद्दल नाही. ‘तुंबाड’नं (२०१८) सासवडचा खरा वाडा घेतला, पण हस्तर जिथे असतो तो लालभडक गर्भ बांधूनच काढला, कारण तो भाड्यानं मिळणं शक्य नव्हतं. हा फरक त्यांना कळला. इतरांचं काय होतं, की गोष्ट कुठलीही असो, घर कृष्णाकाठचंच निघतं: दगडी जोतं, उतरतं कौल, मोठा चौक. पात्रं मराठवाड्याची बोली बोलतात आणि वावरतात साताऱ्याच्या ओसरीवर. बोलीसाठी कोच ठेवतात, घरासाठी कुणी नाही.

‘फँड्री’ तर खऱ्या गावातच शूट झाला, मग सेट हवाच कशाला, असं कुणीही विचारेल. ती गोष्ट गावाबाहेरच्या उघड्या रानाची आहे, आणि ते रान अजून जागेवर आहे. आमची घरं जागेवर नाहीत.

अंबडजवळ आमचं माळवदाचं घर होतं. सागाचे सर, त्यावर किलचन, वर पांढरी माती. पावसाळ्याआधी आज्जी स्वतः वर चढून माती पसरायची. तरी गळायचंच, म्हणून वडिलांनी ते उतरवून स्लॅब टाकला. सळया जालन्याच्याच. स्टीलच्या गावाशेजारी राहून मातीच्या छताखाली कोण झोपणार? वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पातेली मीही मांडलीत गळतीखाली.

पण सिनेमावाल्यांना त्या घरात काय मिळालं असतं, ते सांगतो. आत भर दुपारी अंधार. माळवदाला उजेडासाठी एक भोक, त्याला साणं म्हणायचे. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर सरकायचा. तो रांजणापाशी आला की आज्जी भाकरी थापायला बसायची. ‘कुंकू’तलं घड्याळ आमच्या घरी जमिनीवर होतं. शिवाय माळवदं एकमेकांना चिकटलेली. उन्हाळ्यात सगळी गल्ली वर झोपायची, आणि आत्या चार घरं ओलांडून मैत्रिणीकडे जायची, रस्त्यावर पाय न ठेवता. खाली बाईला उंबरा, वर मोकळं आभाळ. एवढ्या दोन पातळ्या ‘पॅरासाइट’ला जिना बांधून मिळवाव्या लागल्या.

हे शूट करायला खरं घर गैरसोयीचंच आहे, तेही खरं. त्या अंधारात कॅमेरा कुठे ठेवणार? म्हणूनच सेट हवा: भिंत बाजूला सरकवता येणारी, साणं हवं तेवढं मोठं करता येणारं, माती प्लायवरची चालेल. वाड्याच्या भाड्यापेक्षा खर्च जास्त होईल, मान्य. पण ‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर प्रत्येक प्रयोगाला उभा राहतोच की.

आमचे सर अजून गोठ्यात पडून आहेत. दोनांना वाळवी लागलीय, बाकीचे चांगले आहेत. परवा वडिलांना म्हटलं, विकू नका. ते म्हणाले, “मग ये अन् घेऊन जा.”