आपला तो बाब्या

रामनगरच्या रामलीलेत शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी प्रेक्षक महिनाभर येत राहतात. तिथे मुक्कामी असताना मी डॅनियल गॉर्डनचा ‘९.७९*’ (२०१२) हा माहितीपट पाहिला. त्याचाही शेवट ठाऊकच होता: १९८८, सेऊल. कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि तीन दिवसांत स्टॅनोझोलॉलपायी सुवर्णपदक गमावून बसला. ते अमेरिकेच्या कार्ल लुईसला मिळालं.

गॉर्डन आठही धावपटूंना बोलतं करतो, ही या माहितीपटाची खरी कमाई. त्यांतल्या सहा जणांची नावं कधी ना कधी उत्तेजकांशी जोडली गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड स्पर्धेत लुईसच्याही नमुन्यात बंदी असलेली द्रव्यं आढळली होती. ‘अनवधानानं’ म्हणून प्रकरण मिटवलं गेलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! म्हणूनच शीर्षकातली चांदणी एकट्या जॉन्सनच्या आकड्यावर असणं मला खटकतं.

२०२३मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक तपासणीचे अधिकारी आले आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. तिथे परका देश नव्हता. सगळे बाब्येच होते.