धूर, भेग आणि बागेचं कुंपण

महाड-पोलादपुरात एखाद्या बागेत पर्यावरण शिक्षण केंद्र असावं का, आणि असलंच तर कसं, हा आजचा आपला प्रश्न.

नमुना म्हणून मुंबईचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान घेऊ. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे एके काळी शहराचा कचरा पडायचा, तिथे सुमारे ३७ एकरांवर माणसांनी झाडी उभी केली. १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. शाळांच्या सहली जातात, मुलं झाडं, पक्षी, फुलपाखरं ओळखू लागतात. हे काम मोठं आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही.

आमचा आक्षेप आहे तो अशा केंद्रांमागच्या रूढ कल्पनेवर. निसर्ग कुंपणाच्या आत, आणि शिक्षण सहलीपुरतं! मागे एका दुसऱ्याच शहरातल्या बागेत आम्ही बसलो होतो. सहलीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हा वास कसला?" शेजारी नाला होता. सर म्हणाले, "ते आज आपल्या विषयात नाही." आता बघा, विषय तर तिथेच सुरू होत होता.

न्यायदर्शनातलं अनुमानाचं उदाहरण आपण ऐकलेलं असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे असं आपण म्हणतो. पण हे म्हणता येतं केव्हा? धूर आणि आग यांचा संबंध आपण स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा पाहिलेला असतो तेव्हा. या संबंधाला व्याप्ती म्हणतात. झाडांची नावं ही माहिती झाली. आपल्या परिसराची व्याप्ती कळणं, हे ज्ञान.

आपल्याकडे डोंगरावर धूर नाही, भेग दिसते. २००५ च्या जुलैत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीने मुंबई बुडवली. त्याच पावसात इथे दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये. ऐंशीहून अधिक माणसं गेली. जमिनीला भेगा, कललेले खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, ही चिन्हं दर वेळी दिसतात असं नाही. पण दिसली तर ती वाचणारा माणूस वाडीत हवा की नको? तो सहलीत तयार होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं तोच उतार, तीच सावित्री पाहावी लागते, पावसाची नोंद ठेवावी लागते.

म्हणजे इथल्या केंद्रात वाडीवरची म्हातारी माणसं प्रेक्षक म्हणून नकोत, शिक्षक म्हणून हवीत. भूगर्भशास्त्रज्ञाने त्यांच्या शेजारी बसावं, दोघांनी एकमेकांना तपासावं.

'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावली की झालं, असं कुणी म्हणेल. महाडकरांना तरी हे सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तळं खऱ्या अर्थाने खुलं करायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना आणि हजारो लोकांना पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांतलं ते अंतर आपल्या केंद्राने विसरू नये, एवढंच आमचं म्हणणं.