‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’मधील युनिकोड आणि मराठी : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली मूळ स्रोत-संहितेपासून स्वतःच्या हाताने उभारण्याची रीत ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथ शिकवतो. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा ग्रंथ आजही नव्या आवृत्त्यांतून वाढत आहे. तो तंत्रज्ञांसाठी लिहिलेला असला तरी त्यात भाषेविषयीची एक भूमिका दडलेली आहे. संगणकाने कोणत्या भाषेत वाचावे, कोणत्या क्रमाने नावे लावावीत, वारांना व महिन्यांना काय म्हणावे, हे ठरवणाऱ्या संचाला ‘लोकेल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील लोकेलविषयक विवेचनाचा चिकित्सक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी डहाणू व तलासरी या तालुक्यांचा संदर्भ निवडला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील हे तालुके गुजरातच्या सीमेलगत आहेत. मराठी, गुजराती, वारली, धोडिया अशा अनेक भाषा येथे एकत्र नांदतात. त्यामुळे ‘एक प्रदेश, एक भाषा’ हे लोकेलमागील गृहीतक तपासण्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

ग्रंथाचे सामर्थ्य :

भाषा ही प्रणालीवर शेवटी चढवायचा साज नसून ती पायातच घालावी लागते, हे या ग्रंथाने कृतीतून दाखवले आहे. जीएनयू सी लायब्ररी हा प्रणालीचा पाया रचतानाच लोकेल तयार करावे लागते. ‘लोकेलडेफ’ ही आज्ञा दोन साध्या मजकूर-फायली एकत्र करते. एकीत भाषेचे व प्रदेशाचे नियम असतात, तर दुसरीत वर्णसंकेतांचा तक्ता असतो. बाजारातील तयार प्रणालीत ही प्रक्रिया डोळ्यांआड राहते; येथे ती वाचकाला स्वतः करावी लागते.

२००६ मधील ६.२ या आवृत्तीत ग्रंथाने यूटीएफ-८ संकेतनाचा स्वीकार केला. हा बदल वरवरचा नव्हता. ‘तलासरी’ हा शब्द पाहा. वाचणाऱ्याला त्यात त, ला, स, री अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये काना व वेलांटी स्वतंत्र धरल्याने त्याच शब्दात सहा संकेत होतात आणि यूटीएफ-८मध्ये ते अठरा बाइट व्यापतात. ‘डहाणू’ची अक्षरे तीन, संकेत पाच आणि बाइट पंधरा. एक बाइट म्हणजे एक अक्षर असे मानणारा प्रत्येक कार्यक्रम येथे चुकतो. म्हणूनच पडद्यावरील मांडणी करणारी ग्रंथालये व मदतपाने दाखवणारा कार्यक्रम यांत फेरबदल करणे अपरिहार्य ठरले.

दृष्टिकोनाची मर्यादा :

तथापि, युनिकोडची ‘भर घालणे’ ही कल्पनाच मुळात युरोपीय अनुभवातून आली आहे. जर्मन किंवा फ्रेंच भाषेला आठ बिटांचे जुने लोकेल उपलब्ध होते. त्यांच्यासाठी यूटीएफ-८ हा एक पर्यायातून दुसऱ्या पर्यायाकडे झालेला प्रवास होता. मराठीची स्थिती वेगळी आहे. जीएनयू सी लायब्ररीत मराठीचे लोकेल फक्त यूटीएफ-८मध्ये आहे. त्यामुळे मराठीसाठी युनिकोड ही भर नसून एकमेव प्रवेशद्वार आहे.

हे द्वार उघडेपर्यंत मराठी लेखन जुन्या फाँटांच्या आश्रयाने चालले. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु साठवले जात ते रोमन अक्षरांचे संकेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील कित्येक महाविद्यालयीन नियतकालिके याच पद्धतीने सिद्ध झाली. अशा फायलीत ‘वारली’ हा शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो तेथे नसतोच. आदिवासी समाजावरील क्षेत्रीय संशोधन जर अशा फायलींत अडकले असेल, तर ते छापील असूनही पुढील अभ्यासकाला दुर्लभ होते.

दुसरी मर्यादा अधिक स्पष्ट आहे. ग्रंथातील सर्व सूचनांचे पालन करून मराठी लोकेल निवडले, तरी मूळ कन्सोलवर मराठी नीट उमटत नाही. लिनक्सच्या कन्सोलला फार तर ५१२ चिन्हे ठाऊक असतात आणि जोडाक्षरे घडवणे, पहिली वेलांटी व्यंजनाआधी दाखवणे, या क्रिया त्याला येत नाहीत. चिनी, जपानी व कोरियन भाषांच्या बाबतीत कन्सोलची असमर्थता ग्रंथ मान्य करतो. देवनागरीला मात्र चित्रमय पडदा, अक्षरजुळणी करणारी ग्रंथालये व योग्य फाँट यांसाठी पुढच्या ग्रंथाची, म्हणजे ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ची वाट पाहावी लागते. पाया मराठीत घातला, पण घरात शिरताना इंग्रजीतच बोलावे लागले, अशी ही अवस्था आहे.

वर्णक्रमाचा प्रश्न :

लोकेलचे खरे महत्त्व अनुक्रमात कळते. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’च्या आधी आहे. केवळ संकेतांकांनुसार विद्यार्थ्यांची यादी लावल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येत असल्याने क्रम उलट हवा. ‘क्षीरसागर’चेही तसेच. संकेतांकांनुसार ते ‘क’च्या गटाच्या अखेरीस पडते, वर्णमालेनुसार ते यादीच्या शेवटी जाते. कोशकारांची प्रथाही याबाबत एकसारखी नाही. याचा अर्थ असा की, हा निर्णय प्रोग्रामरचा नसून भाषाभ्यासकाचा आहे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. मागणी नेमकी व सप्रमाण असली की प्रमाणके बदलतात, याचे हे उदाहरण होय.

वारलीचे स्थान :

डहाणू-तलासरीच्या दृष्टीने कळीचा प्रश्न याही पलीकडचा आहे. वारली भाषेला आयएसओ ६३९-३ या प्रमाणकात स्वतंत्र संकेत आहे. भिली भाषेचे लोकेल जीएनयू सी लायब्ररीत समाविष्ट आहे; वारलीचे नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रे जगभर पोहोचली, परंतु संगणकाला वारली भाषा अपरिचितच राहिली.

येथे चिकित्सेचा रोख ग्रंथाकडून आपल्याकडे वळतो. लोकेलची फाइल साध्या मजकुराची असते आणि ती कोणीही लिहू शकतो, हे ग्रंथाने शिकवलेच आहे. मात्र मराठीची फाइल उचलून तिला वारलीचे नाव देणे म्हणजे निव्वळ देखावा ठरेल. वारांची, महिन्यांची, होकार-नकाराची रूपे बोलणाऱ्यांकडून नोंदवावी लागतील. गावागावांतील भेदांतून प्रमाणरूप कोणी ठरवायचे, याचा विचार करावा लागेल. महाराष्ट्रात देवनागरी आणि सीमेपलीकडे गुजराती लिपी, ही दुहेरी स्थितीही लक्षात घ्यावी लागेल. हे काम भाषा, समाजशास्त्र व संगणक या विभागांनी, वारली भाषकांना बरोबरीने घेऊन करावयाचे आहे.

निष्कर्ष :

१. भाषा ही प्रणालीच्या पायाचा भाग आहे, हे दाखवून देणे ही या ग्रंथाची मोठी कामगिरी आहे.

२. त्याची मांडणी एका चौकटीत एक अक्षर बसणाऱ्या लिप्यांना अनुकूल असून देवनागरीला ती अपुरी पडते.

३. जुन्या फाँटांतील संशोधनपर लेखनाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे ही महाविद्यालयांची तातडीची जबाबदारी आहे.

४. वारलीसारख्या भाषांचे लोकेल तयार करण्यात तांत्रिक अडसर फारसा नाही. उणीव आहे ती भाषकांच्या सहभागाने केलेल्या नोंदींची, आणि ती भरून काढणे या परिसरातील अध्यापकांच्या हाती आहे.