ग्रामविकासाचा निकष : राळेगणसिद्धी आणि जामखेड

नोव्हेंबर १९३२ मध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून अ. वि. ठक्कर यांना एक पत्र लिहिले. ठक्कर तेव्हा नव्याने स्थापन झालेल्या अस्पृश्यता निवारण संघाचे सरचिटणीस होते. हाच संघ पुढे हरिजन सेवक संघ झाला. समाजसेवेचे दोन मार्ग असतात, असे बाबासाहेबांनी त्यात मांडले. व्यक्तीच्या दुर्गुणांत तिच्या दुःखाचे मूळ शोधणारे दारूबंदी, व्यायामशाळा, सहकार, वाचनालये यांवर भर देतात. परिस्थितीत मूळ शोधणाऱ्यांना परिस्थितीच बदलावी लागते. म्हणून सार्वजनिक विहीर, शाळा व चावडी यांवरील नागरी हक्कांची मोहीम त्यांनी अग्रस्थानी ठेवली आणि तीमुळे गावोगाव संघर्ष उद्भवेल, हेही झाकून ठेवले नाही. स्वयंसेवी संस्थांच्या कार्याची समीक्षा करताना हे पत्र क्वचितच हाती घेतले जाते, हे नवल आहे.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दोन प्रयोगांना हा निकष लावून पाहू. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाचे काम झाले. दुष्काळी गावात पाणी आले, पिके वाढली. या यशाविषयी वाद नाही. परंतु कार्याचा प्रारंभ यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराने झाला, आणि नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री गावाला एक कुटुंब मानून लागू करण्यात आली. मद्यप्यांना खांबाला बांधून फटके देण्यापर्यंत हे कुटुंबप्रमुखत्व गेले होते. चराईबंदीचा भार ज्याला जमीन नाही, शेळ्या मात्र आहेत, त्यावर अधिक पडतो. उलट अडवलेले पाणी मुरते ते जमीनधारकाच्या विहिरीत. दलित कुटुंबांचे कर्ज फेडण्यासाठी गावाने श्रमदान केले, हे मान्य करूनही प्रश्न उरतो : तो हक्क होता की कृपा? मुकुल शर्मा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, येथील दलितांचा समावेश ब्राह्मणी मूल्यांच्या चौकटीतच झाला, असे दाखविले आहे. तरीही महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये हाच नमुना आदर्श गाव योजनेसाठी स्वीकारला. (पुरंदरच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरविला होता. तो नमुना शासनाला का रुचला नाही, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही.)

जामखेडचा प्रयोग निराळा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी घडविलेल्या ग्राम आरोग्यसेविकांपैकी कित्येकजणी निरक्षर व दलित होत्या. ज्यांचा स्पर्श वर्ज्य, त्यांच्याच हातून सवर्ण घरांतील बाळंतपणे होऊ लागली. दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या जाणीवपूर्वक दलित वस्तीत घेण्यात आल्या. पाणी हवे तर तेथे यावे लागे. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर शतकाच्या अखेरीस तिसाच्या खाली आला. महाडच्या तळ्याचा विचार येथे, घोषणा न देता, विहिरीच्या जागेच्या निवडीत उतरला आहे. सेवक बहुतांशी अस्पृश्यांतूनच घ्यावेत, ही बाबासाहेबांची अपेक्षाही येथे पुष्कळ अंशी पूर्ण झाली. आमच्या मते राळेगणपेक्षा जामखेडचे श्रेष्ठत्व यातच आहे.

परंतु याच जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची, सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून, निर्घृण हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. याचा दोष आरोग्य प्रकल्पावर ठेवणे अन्यायाचे होईल. एका रुग्णालयाने तालुक्याची जातिव्यवस्था मोडावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. तथापि आरोळे दांपत्याच्या १९९४ च्या ग्रंथातील हिशेब मुख्यतः जन्म, मृत्यू व रोग यांचा आहे. देणगीदारांना पाठविल्या जाणाऱ्या अहवालांचाही साचा सर्वत्र तोच असतो. साक्षीदाराला भयमुक्तपणे न्यायालयात उभे राहता येते काय, हा रकाना त्यांत नसतो. विहिरीवर एकत्र आलेले गाव साक्षीच्या वेळी पुन्हा दुभंगते, तेव्हा १९३२ च्या पत्रातील पहिलीच बाब, नागरी हक्कांची मोहीम, कोणत्याही संस्थेने आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतलेली नव्हती, हे उघड होते. अशा मोहिमेसाठी वकील लागतात, साक्षीदारांना आसरा देणारी घरे लागतात, आणि बहिष्कार पडल्यास वर्षभराचे धान्य लागते. आपल्या विहारांपैकी किती याची तजवीज ठेवतात?